समोरच्या गाडीवाल्याने दावा ठोकला, समन्स घरी आलं: आता काय?

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका गृहस्थांचा आहे. गेल्या जुलैत हातखंब्याच्या पुढे, महामार्गाच्या कामामुळे वळवलेल्या रस्त्यावर, त्यांच्या गाडीची कोल्हापूरच्या एका कारशी धडक झाली. संध्याकाळची वेळ होती आणि पाऊस धो धो पडत होता. समोरच्या चालकाचा पाय मोडला. पोलिसांनी गुन्हा यांच्यावर नोंदवला. यांनी माणुसकी म्हणून रुग्णालयात २० हजार रुपये दिले, ‘आमचं आता काही म्हणणं नाही’ असं तोंडी ठरलं आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरून चाललं. डिसेंबरात त्या माणसाने कोल्हापूरच्या मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज केला. दुखापतीचे १८ लाख आणि गाडीच्या नुकसानीचे ३ लाख ४० हजार मागितलेत. आता समन्स हातात पडलंय आणि हे विचारतायत: माझं घर आणि कलमांची बाग जाणार का? त्याला फोन करून परस्पर मिटवून टाकू का? आणि एवढ्या लांब तारखेला गेलोच नाही तर?

मी रत्नागिरीत बावीस वर्षं वकिली करतोय. अपघाताचे दावे जखमींच्या बाजूने चालवलेत आणि गाडीमालकांच्या बाजूनेही. त्या अनुभवावरून सांगतो की २१ लाख ४० हजारांचा आकडा बघून तुमची झोप उडाली असली, तरी खरा प्रश्न तो नाही. जो काही आकडा शेवटी ठरेल तो कोण भरणार, तुम्ही की तुमची विमा कंपनी, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर अपघाताच्या जागेपेक्षा पुढच्या काही आठवड्यांत तुम्ही काय करता यावर जास्त ठरतं.

म्हणून आधी कपाट उघडा आणि पॉलिसी काढा. अपघाताच्या दिवशी ती चालू होती ना, एवढंच पहिल्यांदा बघा. वार्षिक नूतनीकरण राहून गेलं असेल तरी लगेच हातपाय गाळू नका. १ सप्टेंबर २०१८ नंतर नवी कार घेतलेल्यांना तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो, दुचाकीला ५ वर्षांचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग संपलेला असतो, पण दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग चालू असतो आणि मालकाला ते ठाऊकच नसतं, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

पॉलिसी चालू असेल तर दुखापतीच्या भरपाईला खासगी गाडीच्या विम्यात वरची मर्यादा नसते. प्राधिकरण जी रक्कम ठरवेल ती कंपनीला द्यावी लागते. समोरच्याच्या गाडीच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे. खासगी कारसाठी ती साधारणपणे साडेसात लाख असते, म्हणजे ३ लाख ४० हजार त्यात बसतात. फक्त एक बघा: हप्त्यात थोडी सूट मिळावी म्हणून काही जण ही मर्यादा ६ हजारांवर आणून ठेवतात. एजंटाने न सांगता तसं केलेलं असू शकतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं असतं.

आता कंपनीला लेखी कळवा. अपघात झाला तेव्हा कळवलं असलं तरी समन्स आल्याचं वेगळं कळवायचं. पॉलिसीची अटच आहे की दाव्यासंबंधी आलेला प्रत्येक कागद ताबडतोब कंपनीकडे पोचवायचा. समन्स, अर्जाची प्रत आणि सोबतच्या कागदांची झेरॉक्स जोडून पत्र द्या, पोच घ्या, ईमेलही करा. एजंटाला फोनवर सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असं समजू नका.

पॉलिसीत दुसरीही एक अट असते आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, कसलं वचन द्यायचं नाही. म्हणून आत्ता त्या माणसाला फोन करू नका. तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतंय. आपल्याकडे भांडण मिटवायचं म्हणजे समोर बसून बोलायचं, हीच रीत आहे. पण फोनवर ‘दादा, चूक झाली, सांभाळून घ्या’ एवढं म्हणालात आणि ते रेकॉर्ड झालं, तर उद्या तेच वाक्य तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल आणि कंपनीच्याही हातात सापडेल.

दिलेल्या २० हजारांचं काय? ते लपवू नका. अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाची जबाबदारीच आहे. उपचारासाठी तातडीने दिलेली मदत, असं ते तुमच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, सरळ मांडता येतं. ऑनलाइन पाठवले असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा, म्हणजे भरपाई मंजूर झालीच तर ती रक्कम वजा मागता येते. आणि ‘आमचं म्हणणं नाही’ हे तोंडी बोलणं त्याचा दावा अडवत नाही, हेही आत्ताच समजून घ्या.

तारखेला न जाण्याविषयी मात्र मी अगदी स्पष्ट बोलणार आहे, कारण या एका गोष्टीमुळे चांगली माणसं बुडताना मी पाहिलीत. देवरुखकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले ते थेट वसुलीची नोटीस घेऊन. समन्स आलं तेव्हा त्यांनी ते देवघराच्या खणात ठेवून दिलं होतं. घाबरून बायकोलाही सांगितलं नव्हतं. दावा एकतर्फी चालला. विमा कंपनीने मुद्दा काढला की चालकाकडे वैध परवाना असल्याचा पुरावाच नाही. प्राधिकरणाने आदेश दिला: कंपनीने जखमीला रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. परवाना त्यांच्या पाकिटात होता. पूर्णपणे वैध होता. तो दाखवायला कोणी उभंच राहिलं नाही. एकतर्फी निवाडा रद्द करून घ्यायला, झालेला उशीर माफ करून घ्यायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं, आणि त्या सव्वा वर्षात त्या माणसाची तब्येत जी ढासळली ती परत सुधारली नाही.

हे ‘आधी द्या, मग वसूल करा’ प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून चांगलंच रुळलंय. तिसऱ्या पक्षाला रस्त्यावर सोडायचं नाही, पण पॉलिसीची अट मालकाने खरोखर मोडली असेल तर बोजा शेवटी त्याच्यावर, असा त्याचा अर्थ. अट मोडल्याचं सिद्ध करणं कंपनीचं काम आहे. पण तुम्ही गैरहजर असाल तर ते काम फारच सोपं होतं.

इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं, म्हणून स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. परवाना त्या दिवशी चालू होता का? दारू घेतली होती का? आणि कोकणातला नेहमीचा घोळ: खासगी नंबराची गाडी भाड्याने चालवत होता का? गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात चाकरमान्यांना स्टेशनवरून आणायला गावातली प्रत्येक गाडी धावते आणि डिझेलचे पैसे म्हणून हजार-पंधराशे घेतले जातात. त्या वेळी अपघात झाला आणि आतला प्रवासी पोलिसांना ‘आम्ही भाड्याने गाडी केली होती’ म्हणाला, की कंपनीला बचाव मिळतो. चौथी गोष्ट, गाडी खरंच तुमच्या नावावर आहे का? मुंबईच्या भावाने गाडी गावी दिली, पैसे दिले-घेतले, पण आरटीओत नाव तेच राहिलं, असं घरोघर आहे. नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर ते तुमच्या वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा.

वकिलाचं निघालंच आहे तर सांगतो. विमा कंपनी तिचा वकील देईल, पण तो बहुधा कंपनीतर्फे उभा राहतो. परवान्याचा किंवा अटींचा वाद निघाला की त्याचं हित आणि तुमचं हित वेगळं होतं. तुमच्यातर्फे कैफियत तोच देणार आहे का, हे कंपनीला लेखी विचारा. नसेल तर कोल्हापुरात स्वतःचा वकील करा आणि वकीलपत्र द्या. मग प्रत्येक तारखेला आंबा घाट चढायची गरज नाही. तुमची साक्ष असेल तेव्हा जावं लागेल, आणि तीही व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यावी अशी विनंती करता येते. दावा कोल्हापुरात कसा, याबद्दल वाद घालू नका. अर्जदार जिथे राहतो तिथे दावा लावायची मुभा मोटार वाहन कायद्याचं कलम १६६ त्याला देतं.

आता मूळ अपघाताकडे येऊ. गुन्हा तुमच्यावर नोंदवला म्हणजे चूक तुमचीच ठरली, असं नाही. तक्रार त्यांच्या नातेवाइकाने दिली असेल, तुम्ही जखमीला घेऊन धावपळीत असाल. पण प्राधिकरणासमोर पोलिसांच्या कागदांना वजन असतं, हेही खरं. ते कागद खोडायचे तर दुसरं काहीतरी मजबूत समोर ठेवावं लागतं. घटनास्थळ पंचनाम्याची आणि नकाशाची प्रत काढा. गाड्या कुठे थांबल्या, काचा आणि चिखल कुठे पडला, रस्त्याची रुंदी किती लिहिली आहे, ते स्वतः त्या जागेची आठवण करत वाचा. पावसात आपल्याकडे टायरच्या खुणा पाच मिनिटांत वाहून जातात. त्यामुळे पंचनाम्यात खुणांचं वर्णन फार ठसठशीत असेल तर ते कुठून आलं, हे उलटतपासात विचारण्यासारखं असतं. आरटीओच्या निरीक्षकाने दोन्ही गाड्या तपासल्याचा अहवालही घ्या. धक्का समोरासमोर बसलाय की कोपऱ्याला, डावीकडे की उजवीकडे, हे त्यात असतं, आणि कोण कोणाच्या बाजूत शिरला ते त्यावरून बरंच कळतं.

महामार्गाच्या बाबतीत एक अडचण आपल्या भागातलीच आहे. चौपदरीकरणात तो वळवलेला रस्ता आज त्या जागी असेलच असं नाही. आठ महिन्यांत भराव पडतो, पूल उभा राहतो, डायव्हर्शन शंभर मीटर सरकतं. न्यायाधीशांना आजचा रस्ता दाखवून उपयोग नाही. म्हणून त्या दिवसांतले फोटो शोधा: तुमच्या फोनमधले, सोबतच्यांचे, स्थानिक बातमीदाराचे, जवळच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यातले मिळाले तर तेही. मूळ फोन विकू नका, फोटो डिलीट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण जवळ असलं की ते देणं सोपं जातं.

‘रस्ताच खराब होता, फलक नव्हता’ हा बचाव मात्र एकटा फार लांब जात नाही. खराब रस्ता आणि पाऊस दिसत असताना वेग कमी ठेवणं ही चालकाचीच जबाबदारी, असं उत्तर ठरलेलं असतं. त्याचा उपयोग वेगळ्या रीतीने होतो: तोच रस्ता आणि तोच पाऊस समोरच्यालाही होता. अरुंद वळणावर तोही वेगात आला असेल, ओव्हरटेक करत असेल, तर ती त्याची सहभागी निष्काळजी ठरते आणि जेवढे टक्के दोष त्याचा, तेवढी भरपाई कमी होते. हे सिद्ध करायला तुम्हाला स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. चालक साक्षीला आलाच नाही तर प्राधिकरण त्याच्याविरुद्ध अर्थ काढतं. कैफियतीत कितीही छान लिहिलं आणि तुम्ही घरी बसलात, तर ती कैफियत कागदच राहते.

याला जोडून फौजदारी खटल्याची गोष्ट येते, कारण पुष्कळ जण इथेच पाय घसरून पडतात. तालुक्याच्या न्यायालयात तुमच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेदरकार वाहन चालवल्याचा आणि कलम १२५ खाली दुखापतीचा खटला चालू असेल किंवा व्हायचा असेल. कोणीतरी सांगेल, ‘गुन्हा कबूल करा, हजाराचा दंड भरा, मोकळे व्हा.’ दावा चालू असताना हे करू नका. त्या कबुलीची प्रमाणित नक्कल अर्जदाराचा वकील दुसऱ्याच महिन्यात प्राधिकरणात दाखल करतो, आणि मग चूक समोरच्याची होती हे सांगायला तुमच्याकडे तोंड उरत नाही. माझ्याच एका अशिलाने मला न विचारता तारखेच्या दिवशी कंटाळून कबुली देऊन टाकली होती. सहभागी निष्काळजीचा आमचा चांगला मुद्दा त्या दिवशी गेला. दोन्ही प्रकरणं वेगवेगळे वकील पाहत असतील तर त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्या.

१८ लाखांच्या आकड्याबद्दलही थोडं सांगतो, म्हणजे छाती जरा हलकी होईल. मागितलेली रक्कम आणि मिळणारी रक्कम यात खूप अंतर असू शकतं. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात ‘पायाला ३५ टक्के अपंगत्व’ असं असतं, पण तेवढे टक्के कमाई बुडाली असा त्याचा अर्थ नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक समजावून दिलाय: त्या माणसाच्या प्रत्यक्ष कामावर किती परिणाम झाला ते बघायचं. उदाहरण म्हणून धरा, अर्जदार ४२ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिन्याची कमाई २५ हजार आणि काम करण्याच्या क्षमतेत घट १० टक्के. भावी वाढीचे २५ टक्के धरून महिना ३१,२५०, वर्षाचे ३ लाख ७५ हजार, त्याचे १० टक्के ३७,५००. या वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला जितक्याने गुणायचं तो आकडा) १४ लागतो, म्हणजे ५ लाख २५ हजार. त्यात रुग्णालयाची बिलं, बुडालेले कामाचे महिने, वेदनांची भरपाई आणि अर्जाच्या तारखेपासूनचं व्याज मिळवायचं. तोच माणूस गवंडी किंवा ट्रकचालक असेल आणि त्याला आता उभंच राहता येत नसेल, तर हिशेब पार बदलतो आणि बदलायलाच हवा. गाडीच्या ३ लाख ४० हजारांत त्याने स्वतःच्या विम्यातून दुरुस्तीचे पैसे घेतलेत का, हे विचारायला लावा. एकच नुकसान दोनदा भरून मागता येत नाही.

अर्ज कोणत्या कलमाखाली आहे तेही बघा. कलम १६६ असेल तर तुमची चूक त्याला सिद्ध करावी लागते. कलम १६४ असेल तर चुकीचा प्रश्नच येत नाही, गंभीर दुखापतीला ठरलेले अडीच लाख असतात.

आणि बाग. पॉलिसी वैध असेल, अटी मोडल्या नसतील आणि तुम्ही हजर राहून हे सिद्ध केलंत, तर बागेपर्यंत कोणी पोचत नाही. विमा नसेल किंवा वसुलीचा आदेश तुमच्यावर झाला, तर मात्र धोका खरा आहे. कलम १७४ प्रमाणे ती रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते, म्हणजे गोष्ट सातबाऱ्यापर्यंत येते. सामायिक सातबाऱ्यावर तुमच्या हिश्श्यापुरताच तो विषय असतो, भावंडांचा हिस्सा त्यात जात नाही. पण म्हणून आत्ता घाईने बाग बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर करू नका. पैसे बुडवण्यासाठी केलेला व्यवहार न्यायालय बाजूला सारू शकतं, आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

निवाडा पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील आहे. त्यासाठी २५ हजार किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यातली कमी असेल ती भरावी लागते. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे मुंबईची फेरी वाचली.

मिटवायची तुमची इच्छा मात्र मनातून काढून टाकू नका. ती योग्य जागी न्या. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते आणि अपघाताचे दावे तिथे मोठ्या संख्येने मिटतात. कंपनीचा अधिकारी समोर असतो, पैसे कंपनी देते, झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वैद्यकीय कागद दाखल झाले आणि दोन्ही बाजूंना आकड्याचा अंदाज आला, की तुमच्या वकिलाला प्रकरण लोकअदालतीत ठेवायला सांगा. तुम्ही स्वतः जा. तिथे तो माणूस समोर बसलेला असेल, आणि तेव्हा त्याच्या पायाची विचारपूस करायला तुम्हाला कोणाची परवानगी लागणार नाही.